फुंक्याचा पहारा

दवाखान्याचे कॉम्प्युटर तो सांभाळायचा, आणि सगळे त्याला फुंक्या म्हणायचे. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसा तो. आणि तोंड खरंच पोळलं होतं. त्याचा मामेभाऊ याच दवाखान्यात, सलाईन चालू असताना, खाटेवर भोसकला गेला. खाट कोणती ते कॉम्प्युटरवर बघून मारेकऱ्याला कुणी सांगितलं, याचा माग कुठंच नव्हता. मामी एवढंच म्हणाली, "तुझंच ना रे ते यंत्र? त्यालाही दिसलं नाही?"

तेव्हापासून फुंक्यानं सर्व्हरवर पहारा बसवला. कुणी लिहो की नुसतं बघो, नोंद झालीच पाहिजे. सर्व्हर दोन होते. एक थोरला, दुसरा त्याची हुबेहूब नक्कल ठेवणारा धाकटा, पलीकडच्या इमारतीत. थोरल्यावर काही लिहिलं की धाकटा 'मिळालं' म्हणेपर्यंत थोरला पुढं सरकायचा नाही. फुंक्यानं पहाऱ्याच्या नोंदीही थोरल्याच्याच पोटात घातल्या आणि तिथंच चुकला. आता नुसतं बघणंही लिहिणं झालं, आणि प्रत्येक लिहिण्याला धाकट्याच्या होकाराची वाट. एरवी ते खपून जायचं.

मग एका भर दुपारी बाजारात कोयते चालले. माणसं हातगाड्यांवरून आली. कुणाचा खांदा उघडा पडलेला, कुणी स्वतःचा कान मुठीत धरलेला. रक्तपेढीच्या खिडकीवर कॉम्प्युटरचा पडदा गोठला, म्हणून फुंक्या तिथं येऊन बसला. रक्तगट शोधायला टाकला की चक्र गोल फिरत राहायचं नुसतं; एकदम इतक्या नोंदी, आणि प्रत्येक धाकट्याच्या होकारासाठी अडलेली.

"पोरगं वाहून चाललंय माझं, आणि तू चक्र बघत बसलास?" एका बापानं स्टूल उचललं आणि काच फोडली. दुसऱ्यानं फुंक्याची गचांडी धरून त्याचं तोंड चौकटीवर आपटलं. दात तुटून फरशीवर पडला.

"बंद कर तो तुझा पहारा!" मोठ्या डॉक्टरीणबाई ओरडल्या. "सगळाच्या सगळा!"

फुंक्यानं रक्त थुंकलं. वरच्या मजल्यावर एक शिवणकाम करणारी बाई होती. नवऱ्यानं तिचा गळा चिरला होता. जीव वाचला, आवाज गेला. नवरा अजून मोकळाच होता.

"सगळा नाही, डॉक्टरीणबाई," तो म्हणाला. "खाटांपुरता राहू द्या."

त्यानं थोरल्याला धाकट्यासाठी थांबायचं सोडवलं. थोरला बंद पडलाच तर शेवटच्या काही नोंदी जातील, हे ठाऊक असून सोडवलं. खाटांचा सोडून बाकी पहारा उठवला. खिडकीवरचा पडदा हलला, रक्ताच्या पिशव्या निघाल्या. बापानं हातातलं मोडकं स्टूल खाली ठेवलं.

गर्दी पांगल्यावर फुंक्यानं उरलेला पहारा उघडला. चादरींच्या कोठीतल्या कॉम्प्युटरवरून कुणीतरी शिवणवालीची खाट पुन्हा पुन्हा शोधली होती. चादरींना पेशंटचं नाव कशाला लागतं?

तो जिन्यानं पळत सुटला.

वॉर्डातून वाटी आपटल्याचा आवाज येत होता. बाईला ओरडता येईना. ती स्टीलची वाटी खाटेच्या दांड्यावर बडवत होती. दारात कोठीवाला वॉर्डाकडे पाठ करून उभा. फुंक्यानं त्याला खांद्यानं उडवला. आत नवऱ्यानं सुरी उगारली होती. फुंक्यानं पातंच मुठीत धरलं. तळहात हाडापर्यंत चिरला. दुसऱ्या हातानं सलाईनची सळई ओढून त्यानं नवऱ्याच्या गुडघ्यावर हाणली, मग बरगड्यांवर. नवरा पडला, सुरी सुटली. फुंक्या मारतच राहिला. मामेभावासाठी, दातासाठी, कशासाठी ते त्यालाही कळेना. मनगटात चमक आली तरी थांबेना.

वाटी पुन्हा वाजली. आता बाई त्याच्याकडे बघून वाजवत होती. बस, बस. तेव्हा कुठं सळई खाली आली.

दुसऱ्या दिवशी मामी भेटायला आली. फुंक्याच्या दोन्ही हातांना पट्ट्या, ओठ सुजलेला.

"या वेळी दिसलं, मामी."

"आणि त्या वेळी?"

"त्या वेळी पहाराच नव्हता."

मामीनं चहाचा कप उचलला, फुंकून गार केला आणि त्याच्या तोंडाला लावला.