बाबांची मुलाखत

रविवारी सकाळी आमच्याकडे नोकरी शोधणारी मुलं यायची. आम्ही डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला राहायचो. दोन खोल्या, बाहेर कॉमन गॅलरी. बाबा ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात क्लार्क होते. मुलाखती असल्या की साहेबांच्या बाजूच्या टेबलाशी बसून उमेदवारांची सर्टिफिकेटं तपासायचं काम त्यांच्याकडे असायचं. त्यांना कधी कोणी मत विचारलं नाही. पण वर्षानुवर्षं समोरच्या खुर्चीत माणसं येऊन बसताना आणि उठून जाताना त्यांनी पाहिली होती. त्यामुळे आमच्या बिल्डिंगमधला कोणी बी.कॉम. झाला, कोणी आयटीआय झाला, की त्याची आई म्हणायची, "जरा काकांकडे जाऊन ये."

बाबा लेंगा-बनियनवर न बसता रविवारीही शर्ट घालून बसायचे. मुलाला समोर बसवायचे आणि सांगायचे, "खुर्ची ओढायची नाही, उचलून मागे घ्यायची. फरशीवर आवाज झाला की साहेब पहिल्यांदा तिकडेच बघतो. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हण. थापा मारलेल्या कळतात रे. मूळ सर्टिफिकेट हातातून सोडू नकोस, झेरॉक्स दे. आणि सध्या काय करता विचारलं तर 'काही नाही' असं कधीही म्हणू नकोस. टायपिंग शिकतोय म्हण, शिकवण्या घेतोय म्हण. काही नाही करणारा माणूस कोणाला नको असतो."

मी आतल्या खोलीत अभ्यास करत असायची. हे सगळं मला पाठ झालं होतं.

मी बी.एस्सी. झाले, केमिस्ट्री घेऊन. निकालानंतर थोड्याच दिवसांत एकदा बाबा सकाळी अकरालाच घरी परत आले. हातात डबा होता, भरलेला. चपला काढल्या, हातपाय धुतले आणि आईला म्हणाले, "गेटला नोटीस लागलीय."

आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "म्हणजे?"

"म्हणजे बंद."

मग आई पुढे निवडत राहिली. दुपारी बाबांनी तोच डबा उघडला आणि जेवले. भाजी फरसबीची होती. मला तेव्हा काय वाटलं ते मी बरेचदा आठवून पाहिलंय. काही हाती लागत नाही. फरसबी मात्र आठवते.

तर अशा रीतीने आमच्या घरात नोकरी शोधणारे दोघं झाले. सकाळी पेपर आला की बाबा जाहिरातींचं पान काढून घ्यायचे, बाकीचा माझ्याकडे द्यायचे. त्यांचं वाचून झालं की पान चार घड्या घालून माझ्यासमोर ठेवायचे, माझ्या उपयोगाची जाहिरात वर येईल अशा बेताने. त्यांच्या स्वतःच्या उपयोगाचं काही होतं का, हे मी विचारत नसे. स्टेशनजवळच्या टायपिंग क्लासमध्ये आम्ही दोघांचेही बायोडाटा टाईप करून घेतले. तिथल्या बाईंनी बाबांच्या कागदावरून नजर वर केली आणि मला विचारलं, "हे तुझे वडील ना?" मी हो म्हटलं. त्यांनी मशीनमध्ये नवा कागद घातला.

बिल्डिंगमध्ये बाबांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सकाळी नेहमीच्या वेळी ते घरातून निघायचे. कुठे जायचे ते नंतर कळलं. कळव्याला त्यांच्या खात्यातला एक मित्र राहायचा, त्याच्याकडे जाऊन बसायचे. दोघं मिळून युनियनच्या ऑफिसात चक्कर मारायचे. तिथे कायम एकच उत्तर मिळायचं, बोलणी चालू आहेत. रविवारी मुलं येतच होती. एकाने जाताना विचारलं, "काका, तुमच्या कंपनीत काही आहे का?"

बाबा म्हणाले, "सध्या नाही."

मी पडद्यामागे उभी होते, चहाचे कप घेऊन. नेऊन ठेवले.

मला मुलाखतींना बोलावणी यायला लागली. पहिली ठाण्याला, एका औषधांच्या कारखान्यात. आदल्या दिवशी बाबांनी मला समोर बसवून तयारी करून घेतली. मी खुर्ची उचलून मागे घेतली. तिथे गेल्यावरही तसंच केलं. साहेबांनी टायट्रेशनबद्दल विचारलं, मी सांगितलं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "लग्न ठरलंय का? लग्न झाल्यावर नोकरी सोडणार असाल तर आम्ही शिकवून उपयोग काय?"

बाबांनी हा प्रश्न शिकवला नव्हता. मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "ठीक आहे, कळवतो."

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "आमच्याकडे मुली यायच्या नाहीत गं मुलाखतीला. त्यामुळे हे मी ऐकलंच नाही कधी."

आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "सांगायचं, तुम्ही स्थळ बघून द्या, मग सांगते."

बाबा हसले. नोटीस लागल्यापासून पहिल्यांदाच हसले असावेत. पण पुढच्या दोन ठिकाणीही मला तेच विचारलं गेलं, आणि दोन्हीकडून कळवलं नाही. मला त्याचं वाईट वाटायचं बंद झालं होतं. दुपारी मी झोपायची. पूर्वी कधी दुपारी झोपत नसे. उठल्यावर तोंडात कडवट चव असायची आणि गॅलरीतून बायकांचे आवाज यायचे. त्या काय बोलताहेत ते ऐकू यायचं, पण अर्थ लावायचा कंटाळा यायचा.

मग बाबांना एक बोलावणं आलं. कल्याणला, खोकी बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कामगारांची हजेरी ठेवायला टाईमकीपर हवा होता. बाबांनी ते कार्ड दोनदा वाचलं, टेबलावर ठेवलं. रविवारी दुपारी आई शेजारी पापड लाटायला गेली होती. बाबा माझ्याकडे आले, शर्ट घालून.

"वेळ आहे का तुला?"

"का?"

"जरा माझी मुलाखत घेतेस का?"

मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्यांनी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या, मध्ये स्टूल, त्यावर ते कार्ड. मी एकीत बसले. ते दाराबाहेर गॅलरीत गेले आणि दारावर टकटक केली.

"या," मी म्हटलं.

ते आत आले. खुर्ची उचलून मागे घेतली. मी सांगेपर्यंत उभे राहिले. मी म्हटलं, "बसा." वडिलांना बसा म्हणायला मला काहीच कठीण गेलं नाही, याचं आता नवल वाटतं.

मी नाव विचारलं, शिक्षण विचारलं, अनुभव विचारला. ते नीट, ठरवलेली उत्तरं देत होते. आवाज जरा मोठा होता. मग मी ओघाने येणारा प्रश्न विचारला.

"मागची नोकरी का सोडलीत?"

"मी सोडली नाही," बाबा म्हणाले.

मी थांबले. याचं उत्तर ते मुलांना नेहमी सांगायचे, आधीच्या कंपनीविषयी वाईट बोलायचं नाही, प्रगतीसाठी बदल हवा होता म्हणायचं. ते मला येत होतं, त्यांना तर येतच होतं. पण ते स्टुलावरच्या कार्डाकडे बघत होते.

"बाबा?"

"पुढचा प्रश्न विचार."

"आमच्याकडेच का यायचंय तुम्हाला?"

त्यांनी वर बघितलं. "मला सकाळी डबा घेऊन घरातून निघायचंय," ते म्हणाले. "आणि खरंच कुठेतरी पोचायचंय."

बाहेर गॅलरीत कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मला काहीतरी बोलायला हवं होतं. साहेब जे म्हणतात तेच तोंडातून आलं, "ठीक आहे, कळवतो."

बाबांनी मान हलवली, उठले, खुर्ची जागेवर ठेवली. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाले, "प्रश्न चांगले विचारलेस. फक्त माणूस बोलत असताना खाली बघत जाऊ नकोस."

कल्याणला त्यांना पाच मिनिटंही बसवलं नाही. तिथल्या मालकाने वय विचारलं आणि म्हणाला, "काका, मला जरा धावपळ करणारा मुलगा हवाय." बाबांनी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं, त्याच्या आवाजात. वाईट बोलला नाही गं, असंही म्हणाले. आईने चहा टाकला.

त्याच सुमारास बिल्डिंगमध्ये सगळ्यांना कळलं. कसं कळलं कोण जाणे. कोणी तोंडावर काही बोललं नाही. रविवारची मुलं हळूहळू यायची थांबली. बाबा मात्र शर्ट घालून बसायचे, पेपर वाचत. दारात पावलं वाजली की मान वर करायचे. पावलं पुढे जायची.

मला नोकरी लागली ती डोंबिवलीच्याच एमआयडीसीत, रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये. तिथल्या साहेबांनी लग्नाचं विचारलंच नाही. त्यांना उद्यापासून माणूस हवा होता, आधीची मुलगी सोडून गेली होती. "वास सहन होईल का?" एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. मी हो म्हटलं. पहिल्या दिवशी बाबा मला गेटपर्यंत सोडायला आले. वॉचमनशी दोन शब्द बोलले, सुटायची वेळ विचारून घेतली. मी आत गेले आणि मागे वळून बघितलं तेव्हा ते अजून तिथेच होते, येणाऱ्या कामगारांना वाट देत बाजूला सरकून उभे.

आनंद झाला का, असं मला पुढे कोणीतरी विचारलं. आईने देवापुढे पेढे ठेवले होते, म्हणजे आनंदाचा दिवस असणार. दिवसभर मी नमुन्यांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या. घरी आले तेव्हा नखांच्या कडा निळ्या झाल्या होत्या. आई म्हणाली, "जाईल का गं हे?" मी म्हटलं, जाईल.

बाबांचं पुढे जे झालं ते त्यांनी सांगितलेल्या कुठल्याच नियमात बसत नव्हतं. आमच्या एका नातेवाइकांकडचं लग्न होतं, कल्याणच्या मंगल कार्यालयात. ऐन जेवणाच्या वेळी टाकीतलं पाणी संपलं. कार्यालयाचा मॅनेजर नोकरी सोडून गेला होता, वाढप्यांना सांगणारं कोणी नव्हतं, आचारी ओरडत होता. बाबा पंगतीतून उठले. त्यांनी टँकरवाल्याला फोन करवला, वाढप्यांची दोन गटांत विभागणी केली, पंक्ती थांबवून मुलांना आधी बसवलं. कोट खुर्चीवर टाकून, बाह्या वर करून ते दोन तास उभे होते. आई मला म्हणाली, "यांना सांग, जेवून घ्या म्हणावं." मी सांगायला गेले तेव्हा कार्यालयाचे मालक त्यांच्याशी बोलत होते.

"तुम्ही काय करता?" मालकांनी विचारलं.

बाबा बादली उचलत म्हणाले, "काही नाही."

"मग सोमवारपासून या."

बाबांनी बादली खाली ठेवली. हो म्हणाले की नाही, मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "बाबा, जेवायला चला." ते म्हणाले, "ही पंगत उठू दे."

निवृत्तीच्या वयानंतरही बरीच वर्षं त्यांनी ते काम केलं. मुहूर्त बहुतेक रविवारी असायचे, त्यामुळे सुट्टी असलीच तर मंगळवारी. घरी येताना कधी जिलबी आणायचे, कधी मठ्ठा. गोड खाऊन खाऊन आम्हाला जिलबी नकोशी झाली. त्यांना ते काम आवडत होतं का, माहीत नाही. एकदा म्हणाले होते, "रोज कोणाचं तरी लग्न. चेहरे लक्षात राहत नाहीत." वागळे इस्टेटच्या कंपनीची बोलणी पुढे किती वर्षं चालू होती आणि कधी थांबली, त्याची त्यांनी चौकशी केली नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, मी अजून त्याच लॅबमध्ये असताना, आमच्या समोरच्या बिल्डिंगमधली एक मुलगी माझ्याकडे आली. ग्रॅज्युएट झालेली, वर कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. फाईल छातीशी धरून बसली. पुढच्या आठवड्यात ठाण्याला तिची मुलाखत होती. "ताई, तुम्ही इतकी वर्षं नोकरी करताय. काहीतरी सांगा ना."

मी जरा विचार केला. मला बरंच काही ठाऊक असायला हवं होतं. मी म्हटलं, "आदल्या दिवशी जाऊन जागा बघून ये. म्हणजे त्या दिवशी पत्ता विचारत फिरावं लागत नाही. निघताना पोटभर खा, तिथे किती वेळ बसवून ठेवतील सांगता येत नाही. आणि घरी आल्यावर लगेच काय झालं म्हणून विचारू नका, असं आईला आधीच सांगून ठेव."

ती आणखी काहीतरी ऐकायच्या अपेक्षेने बसून राहिली. मग तिने विचारलं, "तुम्हाला आवडतं का हो तुमचं काम?"

"साडेपाचला सुटतो आम्ही," मी म्हटलं. "घर जवळ आहे."

तिने मान हलवली. मी आत जाऊन चहा ठेवला.