गोलाची उजळणी

किशनराव सरांची आणि माझी पहिली भेट शिव्यांच्या भडिमारात झाली. शिव्या अर्थात सरांच्या नव्हत्या. सरांच्या तोंडून तशी भाषा मी आजवर ऐकलेली नाही. त्या होत्या सोयाबीन राखत बसलेल्या एका मावशींच्या, आणि त्यांचा रोख माझ्यावर होता.

जवळा बाजारच्या आमच्या मैदानावर काढणीच्या दिवसांत लोक सोयाबीन वाळत घालतात. अर्धे मैदान त्यातच जाते. उरलेल्या अर्ध्यात सरांच्या क्लबची मुले खेळत. मी मूळचा साखऱ्याचा. घरी शेळ्या-मेंढ्या आणि कोरडवाहू जमीन. सहावीला शाळेसाठी मामाकडे राहायला आलो होतो आणि त्या दिवशी नुसता बघत उभा होतो. चेंडू पायाशी आला तशी मी जीव खाऊन लाथ घातली. तो सगळ्यांच्या डोक्यांवरून थेट सोयाबीनच्या राशीत जाऊन पडला. मावशींनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. शाळेतले खेळाचे मास्तर असलेले सर चपला काढून स्वतः राशीत गेले, विस्कटलेले सोयाबीन हाताने सारखे केले, मावशींची माफी मागितली आणि चेंडू घेऊन माझ्यापाशी आले.

"पाय तर झकास हाय रे तुझा. पण चेंडू कोणाला दिलास?"

"कोणालाच न्हाई. मारला."

"मारायला काय, बैल बी मारतो. देऊन दाखव."

सरांच्या फुटबॉलचे सगळे सार त्या शेवटच्या दोन शब्दांत होते. ते कळायला मला फार वर्षे लागली आणि कळल्यावरही मी ते पाळले नाही. म्हणून पंचाहत्तरीच्या गौरव समितीने 'सरांच्या कार्याचा आढावा' असा विषय दिला असला, तरी मी या गौरवग्रंथात वेगळेच काही लिहिणार आहे. समितीच्या सदस्यांना तसे आधीच सांगितले आहे. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण नाही म्हणाले नाहीत.

अर्धेच मैदान मिळते म्हणून सर कधी कुरकुरले नाहीत. उलट त्या अडचणीतून त्यांनी खेळायची एक रीत काढली. चेंडू जमिनीवरच ठेवायचा. गोलकीपरने तो जवळच्या भिडूला द्यायचा, त्याने त्याच्या जवळच्याला, आणि असे करत पुढे जायचे. मैदान मोकळे झाले तरी रीत तीच. दहा वर्षांच्या लेकरांपासून मोठ्यांच्या संघापर्यंत सगळ्यांची एकच. त्यामुळे खालच्या संघातला मुलगा वरच्या संघात गेला की त्याला बुजल्यासारखे होत नसे. कुठे उभे राहायचे आणि चेंडू कुठून येणार, हे त्याच्या पायांना आधीच ठाऊक असे.

या रीतीतला सरांचा खास भाग म्हणजे उजळणी. सामना संपला की सगळे संघ लिंबाखाली रिंगण करून बसत. मग झालेल्या प्रत्येक गोलाची नावे उलटी म्हणायची. गोल कोणी मारला, त्याला कोणी दिला, त्या आधीच्याला कोणी दिला, असे थेट गोलकीपरपर्यंत. लहान पोरे पाढे म्हणावेत तशी एका सुरात म्हणत. ज्याचे नाव येई त्याची मान ताठ होई. गोल मारणाऱ्याला वेगळी शाबासकी कधी मिळत नसे.

नववीत माझा घोटा मोडला. सर मला एसटीने हिंगोलीला घेऊन गेले. प्लास्टर होईपर्यंत माझा हात धरून बसले आणि परतताना मला खिडकीची जागा देऊन स्वतः उभे राहिले. हंगाम बुडाला म्हणून मी रडकुंडीला आलो होतो. सर म्हणाले, "रडतो काहून? या हंगामाची उजळणी तुझ्याकडं. एक बी नाव सुटलं न्हाई पायजे." पाय लांब करून मी कडेला बसलो आणि चेंडूचा प्रवास डोळ्यांनी पाठ करत राहिलो. त्या हंगामात मी जितका फुटबॉल शिकलो तितका पुढे खेळूनही शिकलो नाही.

सरांनी निवृत्तीनंतर मोठ्यांचा संघ माझ्याकडे सोपवला आणि स्वतः लहानग्यांना घेऊन बसले. जिल्ह्याच्या करंडकात आम्ही लागोपाठ दोनदा अंतिम सामना हरलो. बाजारात लोक विचारू लागले, "काय मास्तर, औंदा बी नुसते पासच देणार का?" ते मला झोंबले. तिसऱ्या वेळी मी आमच्या सलीमला पुढे उभे केले. हा ताडमाड उंच, डोक्याने चेंडू मारण्यात तरबेज. गोलकीपरला बजावले, चेंडू हाती आला की थेट सलीमकडे उडव. सामन्याच्या शेवटी शेवटी तसाच एक चेंडू उडाला, सलीमने डोके लावले आणि आम्ही करंडक जिंकलो. हिंगोलीहून गुलाल उधळत, नाचत आलो. माझे पाय जमिनीवर नव्हते.

संध्याकाळी लिंबाखाली उजळणी झाली. लहान पोरांनी सूर लावला, "सलीमदादा... गोलकीपर." आणि संपली. सूर लागायच्या आतच संपली. एका चिमुरड्याने विचारले, "सर, बाकीचे काहून न्हाईत?"

सर म्हणाले, "बाकीचे पळत व्हते, बाळा." मग माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "करंडक मोठा हाय हो. तुमची काकू म्हनल, पिण्याचं पाणी भरून ठेवू."

त्या थट्टेतला अर्थ मला कळला होता. कळूनही न कळल्यासारखे केले, ही माझी पहिली चूक. दुसरी त्याहून वाईट. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला मी सरांच्या घरी गेलो. त्यांचे घर मैदानाला लागूनच आहे. काकूंनी चहा दिला. मी म्हणालो, "सर, मोठ्यांचा संघ आता लांब मारून खेळतो. लहानांना बी तेच शिकवावं लागंल. सगळ्या क्लबाची रीत एकच पायजे, हे तुमीच शिकवलंय."

सरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "व्हय, बराबर हाय. एकच पायजे."

दुसऱ्या दिवसापासून ते मैदानावर आले नाहीत. कोणापाशी तक्रार नाही, राग नाही. कोणी विचारले तर गुडघे दुखतात म्हणत. ज्या तत्त्वावर त्यांनी उमेदीची सारी वर्षे घालवली, तेच पुढे करून मी त्यांना घरी बसवले.

पुढचे सगळ्यांना माहीत आहे. सलीम नोकरीसाठी पुण्याला गेला आणि आमच्या लांब चेंडूंना डोके उरले नाही. आम्ही पहिल्याच फेरीत बाहेर पडू लागलो. त्याचे मला तितके वाटत नाही. वाटते ते लहानग्यांचे. पूर्ण सामनाभर चेंडूला पायही न लागलेली लेकरे हिरमुसून घरी जात आणि पुन्हा येत नसत. उजळणी तर आपोआप बंद पडली. दोन नावांची उजळणी करायची तरी काय?

गेल्या काढणीत पुन्हा अर्ध्या मैदानावर सोयाबीन पडले. आमची मुले सवयीप्रमाणे उंच मारत होती आणि एकामागून एक चेंडू राशीत जात होते. त्याच मावशी, आता पार थकलेल्या, काठी टेकत माझ्यापाशी आल्या. या वेळी त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. म्हणाल्या, "किशनराव सरांची लेकरं असं न्हाई करीत व्हती, बाबा. तू पैल्या दिशी केलंस तेच शिकवून राहिलास का त्यांना?"

मी मान खाली घालून ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी मुलांना जवळ बोलावले आणि चेंडू जमिनीवर ठेवला.

सोपे गेले नाही. सरांकडे जी सबुरी होती ती माझ्याकडे नाही. मी चिडतो, मुले गोंधळतात, आम्ही हरतो. तरी गेल्या महिन्यात आमच्या बारा वर्षांखालच्या संघाने, सपाटून हरलेल्या सामन्यात का होईना, एक गोल असा केला की मला घोट्याच्या प्लास्टरचे दिवस आठवले. संध्याकाळी लिंबाखाली, कितीतरी दिवसांनी, उजळणीला बसलो. पोरे सुरात म्हणू लागली. पाच नावे झाली आणि गाडे अडले. मधले एक नाव कोणालाच आठवेना. मलाही आठवेना.

तेवढ्यात वरून आवाज आला, "गजू! गजूनं दिला व्हता, डाव्या पायानं!"

सर त्यांच्या गच्चीवर कठड्याला धरून उभे होते. काकूंनी मला नंतर सांगितले, एकही दिवस चुकलेला नाही. मैदानावर यायचे थांबले त्या संध्याकाळपासून सर रोज तिथे उभे राहतात. म्हणजे आमचे सगळे लांब चेंडू त्यांनी पाहिले. सगळे.

गजूची मान ताठ झाली. उजळणी गोलकीपरपर्यंत पोहोचली. मला 'सर, खाली या' म्हणायचे होते, पण म्हणालो नाही. एवढ्या पोरांसमोर माफी मागायचे धाडसही झाले नाही. ते इथे, सगळ्यांसमोर करतो. सर, माझे चुकले.

आज सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना भरपूर आयुष्य लाभो, काकूंची साथ अशीच राहो आणि नजर आहे तशीच तीक्ष्ण राहो. गुडघ्यांसाठी मी वेगळे मागणे मागत नाही. रोज गच्चीचा जिना चढणारे गुडघे दुखत नसतात, हे आता मला कळले आहे.

लिंबाखाली खुर्ची मांडली आहे, सर. मुले रोज पाच वाजता येतात. नावे अजून सुटतात आमची.