बारा महिन्यांतला एकच श्रावण

बाबांनी बारा महिन्यांच्या बारा बंदिशी बांधल्या. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत, एका बैठकीत, ओळीनं गायच्या, असा त्यांचा हट्ट. पेडण्याच्या शाळेत पेटी शिकवणारा माणूस, पण हट्ट मोठ्या गवयाचा! तरुणपणी रेडिओ केंद्रावर जाऊन त्यांनी बाराही ध्वनिमुद्रित केल्या आणि तिथंच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. फॉर्मवर 'रचनाकार' अशी जागा होती. गुरुजी हयात असताना शिष्यानं तिथं स्वतःचं नाव घालणं म्हणजे आगाऊपणा. आमच्याकडे तशी रीतच नव्हती. बाबांनी लिहिलं, 'पारंपरिक'.

रेडिओ अजून त्यांतली श्रावणाची तेवढी लावतो. सकाळच्या बातम्यांआधी तीन-चार मिनिटं उरली तर. मग वैशाख असो नाहीतर पौष. निवेदिका गोड आवाजात 'पारंपरिक बंदिश' म्हणते, आणि अंतरा सुरू होतो न होतो तोच बातम्या. त्यात मोप्याला उतरणारं विमान डोक्यावरून गेलं, की स्थायीही गेली. नावाजलेल्यांच्या जयंती-पुण्यतिथीला मात्र तास तास मैफली. मला चीड येते.

गेल्या वर्षी मी केंद्रावर गेले. बाबांचं मागणं एवढंच होतं, की बाराही एकदा ओळीनं लागाव्यात. तिथल्या साहेबांनी चहा पाजला, यादी शोधली. श्रावणाची ठेवली होती. बाकीच्या फितींवर केव्हाच दुसरं काहीतरी भरलं होतं. "पारंपरिक म्हटल्यावर कुठंही मिळेल, असं वाटलं असेल हो," ते म्हणाले. त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणू? बाबांनी स्वरलिपी कधी लिहिली नाही. त्यांनी शिकवायला घेतलं तेव्हा मी दोन बंदिशी शिकले आणि कंटाळले, याची आता लाज वाटते. अर्धांगवायूनंतर त्यांचा गळा गेला. बोलणं तेवढं उरलंय, तेही कसंबसं.

घरी आले तर ते दारातच, बाकीच्या कधी लावणार ते विचारायला.

"कितें गो म्हणालो सायब? बाकीच्यो केन्ना लायतले?"

"लायतले, बाबा," मी म्हटलं. "सगळ्यो."

त्याला वर्ष होत आलं. रोज सकाळी ते माझ्याकडून दाढी करवून घेतात, धुतलेला सदरा घालतात आणि रेडिओजवळ बसतात. परवा श्रावणाची लागली. अंतऱ्यावर तुटली आणि बातम्या सुरू झाल्या. मी बंद करायला हात पुढं केला, तर त्यांनी तो धरला.

"रांव गो," ते म्हणाले. "मधीं बातम्यो आसतात. मागीर भाद्रपद लायतले."