डबीतले तुरीचे दाणे

मोतीराम पांढुर्ण्याच्या एका कापूस संस्थेत कारकून होता. अठ्ठ्याऐंशी साली तिथं कॉम्प्युटर आला आणि टायपिंग येतं म्हणून त्याच्यासमोरची खुर्ची मोतीरामला मिळाली. तेवढ्यावर तिगावच्या बौद्ध वस्तीत लोक त्याला साहेब म्हणू लागले. तो लाजायचा, पण आतून सुखावायचा.

घरी आई होती, देवकाबाई. छप्पन साली दसऱ्याला तिगावहून गाडीत बसून जी माणसं नागपूरला दीक्षेला गेली, ती सगळी तिला नावानिशी तोंडपाठ होती. कोण कोणाच्या कडेवर होतं, कोणाची भाकर कोणी खाल्ली, तेही. बाकीचे सोबती एकेक करून गेले होते. म्हातारी सांगायची आणि मोतीराम संस्थेच्या रद्दी कागदांवर लिहून घ्यायचा. तिला अक्षरओळख नव्हती, म्हणून दर नावाला ती तुरीचा एक दाणा डबीत टाकायची. त्र्याऐंशी दाणे झाले.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं ती नावं इंग्रजी अक्षरांत कॉम्प्युटरवर टाइप केली आणि एका सकाळी कागदांची चळत चुलीत सारली.

"कागद कायले जाळून राहिला रे?" देवकाबाईनं विचारलं.

"माय, कागदाले वाळवी लागते. मशीनीले नाही लागत."

"मंग जाळ बाप्पा. तुले समजते."

त्याच पावसाळ्यात तिचं अर्धं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली.

दिवाळीनंतर कापूस आला आणि कॉम्प्युटर जागा संपली म्हणू लागला. डिस्कचे दोन भाग होते, सी आणि डी. संस्थेचं काम सी मध्ये, आईची नावं डी मध्ये. नागपूरच्या इंजिनियरनं, रघुनाथरावांनी, त्याला समजावलं होतं, "एकच वावर समजा मोतीरामभाऊ, मधात धुरा घातला." डी जवळजवळ रिकामाच होता. धुरा, म्हणजे बांध, मोडला की वावर मोठं होतं, हे तिगावच्या पोरालाही कळतं. त्यानं एफडिस्क उघडला. डिस्कचे भाग करायचा आणि मोडायचा हा प्रोग्राम मशीनमध्येच होता. डी काढायला सांगताच पडद्यावर इशारा आला, इथलं सगळं जाईल. मोतीरामनं तो वाचला. पण धुरा मोडला म्हणून उभं पीक थोडंच जातं? त्यानं होकाराचं बटण दाबलं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

डी गेला. सी मात्र वाढला नाही, होता तेवढाच राहिला. दोन दिवसांनी रघुनाथराव आले, हसले आणि त्यांनी नवा कोरा डी करून दिला.

"त्याच्यात काही होतं का?"

"काही नाही साहेब. घरचं होतं."

घरी येऊन तो आईच्या खाटेशी बसला आणि ढसाढसा रडला. सगळं सांगितलं. तिचे ओठ हलले, शब्द आला नाही. चालत्या हातानं तिनं उशाखालची डबी काढून त्याच्यापुढे सरकवली.

एकेक नाव आठवून म्हणत तो दाणे मांडू लागला. कवडू. शकुबाई. श्रावण. नाव बरोबर असलं की ती डोळे मिटायची. एक्केचाळीस दाण्यांपर्यंत तो आला. पुढचा दाणा बोटांत धरून त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत होती. तिला ते नाव ठाऊक होतं.