पंपावरचे शिष्य

चर्चच्या मागे हातपंप होता. तिथं आमच्या वस्तीतली सहा माणसं धोतरं-पँटी गुडघ्यापर्यंत वर करून उभी होती. साबणाची वडी माझ्या हातात. समोर खुर्ची टाकून परेरा साहेब बसलेले. रेल्वेत गार्ड, चर्चच्या कमिटीचे प्रमुख. एकेकाला पाय पुढे करायला लावत आणि वाकून बघत. "और घिसो. एडी देखो, एडी."

पवित्र गुरुवारची दुपार होती ती. हेच पाय संध्याकाळी फादर धुणार होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. येशूनं मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांचे पाय धुतले. त्याची आठवण म्हणून या दिवशी मंडळीतले बारा पुरुष शिष्य म्हणून वेदीपुढं बसवतात. फादर कमरेला टॉवेल बांधून गुडघ्यावर येतात, एकेकाचा पाय धुतात, पुसतात आणि त्याचं चुंबन घेतात. वर्ध्याच्या आमच्या चर्चमध्ये सहा जण रेल्वे कॉलनीतले असत, सहा आमच्या वस्तीतले. कॉलनीवाले गोव्याकडून, मंगळूरकडून बदलीवर आलेले, पिढीजात ख्रिस्ती. आम्ही मांगवाड्यातले, बापाच्या पिढीत बाप्तिस्मा घेतलेले. पंपावर फक्त आम्ही. ते संध्याकाळी बूट-मोजे घालून यायचे आणि बाकावर बसल्यावर मोजा काढायचे. त्यांच्या टाचा कोणी कधी पाहिल्या नाहीत.

मी मिशनच्या शाळेत नवा मास्तर होतो. पंपावरचं काम माझ्याकडे आलं, कारण मी 'त्यांच्यातलाच' होतो. तेव्हा मला तो मान वाटला. आता कोणी मान देऊ लागलं की मी आधी विचार करतो, याला माझ्याकडून काय करून घ्यायचं आहे.

आणीबाणी उठल्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. त्या सहांत माझा बाप होता.

बाप हिंगणीकडे सडकेच्या कामावर डांबर ओतायचा. वाचता येत नव्हतं. शिष्य म्हणजे काय, तर बोलावलं की जायचं, एवढंच त्याला कळलं होतं, आणि तेवढं तो पाळायचा. दारू सोडली. काम सुटलं की सडकेच्या कडेला गुडघे टेकून प्रार्थना करायचा. गँगमधले हसायचे. एकानं विचारलं होतं, "किती पैशे भेटले बे येशूले धरून?" बाप म्हणाला, "भेटले असते त तुह्यासंग डांबर काऊन ओतलं असतं?" तोही हसला, बापही हसला, आणि दुसऱ्या दिवशी बाप पुन्हा तिथंच गुडघ्यावर.

शिष्यांत बसायला मिळावं म्हणून त्यानं कैक वर्षं वाट पाहिली होती. त्या साली फादरांनी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे चारच दिवस आधी, स्वतः त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, गुरुवारी या. बाप बुधवारीच आला. वेदीवरच्या जळक्या मेणबत्त्यांचे तुकडे माझ्याकडून मागून घेतले, तेलात वितळवले आणि टाचांच्या भेगांत भरत बसला. "भेगा दिसाले नको," म्हणाला.

पंपावर ब्रश लागला आणि मेण निघून आलं. खाली डांबर. कितीतरी सालांचं, कातडीत मुरलेलं. मी चिंधी राकेलमध्ये बुडवून घासलं. कातडी निघाली, रक्त आलं, पण काळं गेलं नाही. बाप पाय मागे घेत नव्हता. परेरा साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"राकेल का बास आता है. फादर को चूमना है, मास्टर. इनको रहने दो." मग माझ्या पायांकडे बघितलं. "तुम बैठ जाव."

बाप माझ्याकडे वळला. "काऊन रे? माह्यं काय चुकलं?"

मी म्हणालो, "पुढच्या वर्षी, बा."

आणि मी बसलो. बापाच्या जागेवर. फादर आले, कोमट पाणी ओतलं, पाय पुसला, ओठ टेकवले. मग वर बघून माझ्याकडे हसले. ज्याला त्यांनी बोलावलं होतं तो तिथं नव्हता. त्यांना दिसलं नसेल? मागं खांबापाशी बाप उभा होता, धोतर अजून वर खोचलेलं.

दुसऱ्या दिवशी कामावर परत निघताना बसस्टँडवर तो एवढंच बोलला. "तुह्ये पाय त्यायले चालले ना. मंग झालं."

हे त्यानं समजूत घालायला म्हटलं की मला मारायला, मला आजवर कळलेलं नाही. पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. पुढचं वर्ष त्याला मिळालं नाही.

मी मात्र पंपावर जात राहिलो. त्यानंतरही, कितीतरी वर्षं. नोकरी मिशनची, खोली मिशनची. भ्यायलो, दुसरं काही नाही.

मग एका उपवासकाळात पापनिवेदनाच्या जाळीपुढं गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं. पंप, परेरा साहेब, राकेल, बापाची जागा. जाळीपलीकडे तेच फादर. म्हणाले, आईबापाचा मान राखणं ही देवाची आज्ञा आहे. प्रार्थना सांगितल्या, क्षमा दिली. पंपाबद्दल एक शब्द विचारला नाही. कोणता पंप, कोण तपासतं, कशासाठी, काहीच नाही. नवीन गोष्ट ऐकणारा माणूस काही तरी विचारतो. मी उठलो तेव्हा मला कळलं होतं. त्यांना माहीत होतं. पहिल्यापासून.

त्या वर्षीच्या पवित्र गुरुवारी मी पंपावर गेलो नाही. वस्तीतल्या सहाही जणांना सांगितलं, कामावरून सरळ या. पाच जण भीतीनं घरीच पाय घासून आले. एक गवंडी तेवढा चुन्याच्या पायांनी आला. परेरा साहेबांनी त्याला दारातच अडवलं. "ये क्या तमाशा है, मास्टर?"

मी म्हणालो, "साहेब, मोजा काढा. आधी तुमचा पाय पाहू."

चर्च भरलेलं होतं. साहेबांचा चेहरा लाल. फादर झग्यातच दारापर्यंत आले. आवाज नेहमीसारखा मऊ. "बाळ, यात जात शोधू नकोस. ही स्वच्छतेची बाब आहे."

"मग बाराही जणांची बघा. नाही तर कोणाचीच नको."

ते वेदीकडे परत गेले. मिस्साची उपासना झाली. पाय धुणं झालंच नाही. घंगाळ तसंच भरलेलं राहिलं. सगळ्यांचे पाय बघण्यापेक्षा कोणाचेच न धुणं त्यांना सोपं गेलं. बाहेर पडताना वस्तीतलाच एक म्हातारा माझ्यावर थुंकला, माझ्यापायी त्याचा मान गेला म्हणून. त्याचा राग मला आला नाही. साबण धरून मीच त्यांना शिकवलं होतं की मान असा मिळतो.

रविवारी फादरांनी प्रवचनात येशूच्या पेत्र या शिष्याची गोष्ट काढली. तोही हट्टी होता म्हणे, पाय धुवू देईना. लोक वळून माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घातली नाही. पेत्राचे पाय आधी कोणी तपासले नव्हते. दिवसभर रस्ता तुडवून आलेले, मळलेले पाय होते ते, आणि म्हणूनच धुतले होते.

शाळेतून माझी बदली आंजीला झाली. कारण कोणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पुढच्या वर्षी पाय धुणं परत सुरू झालं, वस्तीतली नवी माणसं घेऊन. मला कोणी बोलावत नाही. चर्च सोडून बुद्धाकडे ये, असं माझा मामेभाऊ म्हणतो. मी जावं असं तर परेरा साहेबांनाही वाटतं. म्हणूनच मी जाणार नाही.

बापाला ज्या येशूनं बोलावलं, त्यानं पाय बघून बोलावलं नव्हतं. मलाही नाही. मी शिष्य आहे, आणि ते ठरवणं कमिटीच्या हातात नाही. दर रविवारी आंजीहून येतो आणि पहिल्या बाकावर बसतो. दर पवित्र गुरुवारी पंपाच्या वाटेवर उभा राहतो आणि आमच्या प्रत्येक माणसाला नाव घेऊन सांगतो, जाऊ नको. तरीही काही जण जातात. मी उभा राहणार आहे.