आडवं खोकं

सन दोन हजार उलटल्यानंतरची गोष्ट. महाडच्या एमआयडीसीत एका औषधांच्या कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट विभागात होते. गोदामाच्या दाराशी अँटेना बसवायची आणि आत-बाहेर जाणाऱ्या खोक्यांवर चिकटवलेले चिपचे टॅग तिने आपोआप वाचायचे, अशी यंत्रणा घ्यायचं साहेबांच्या मनात आलं. ती दाखवायला पुण्याहून कंपनीची बाई येणार होती. गाडीतून उतरली ती माझी वर्गमैत्रीण. पोलादपूरला शाळेत आम्ही एकाच बाकावर बसायचो आणि गणितात माझे मार्क कायम तिच्यापेक्षा जास्त असायचे.

माझ्या पोटात दुखायला लागलं, दुसरा शब्द नाही. तिचे कापलेले केस, खांद्यावरची लॅपटॉपची बॅग, साहेबांशी न अडखळता चाललेलं इंग्रजी! इंजिनिअर मीही होते, पण मला कुणी गाडी देऊन गावोगाव पाठवलं नव्हतं. साहेबांसमोर मी तिला ‘मॅडम’ म्हटलं, तर ती हसून म्हणाली, “अगं, मॅडम काय? मीच ना ती?”

तिच्या रंगीत पत्रकात लिहिलं होतं: दाराचा कोपरान्‌कोपरा व्यापणार, टॅग कसाही असो, लांबूनच वाचणार. तिने उभं धरलेलं खोकं दारातून नेलं. यंत्र ‘टिंग’ वाजलं. साहेब खूश झाले.

मी हमालाला म्हटलं, “आता आडवं धरा.”

तो आडवं खोकं घेऊन गेला. काहीच वाजलं नाही. “ताई, हे वाजत नाय,” तो म्हणाला. मग मी त्याला दाराच्या पार कडेने, खोकं पुन्हा उभं पण जमिनीलगत धरून जायला सांगितलं. तिथे उभ्या खोक्यानेही दाद दिली नाही.

“या अँटेनाच्या लहरी एकाच दिशेत डोलतात ना?” मी विचारलं. “टॅग त्याच दिशेत असेल तरच लांबून वाचणार. आणि कोपऱ्यात लहरी पोचतच नाहीत.”

तिचा चेहरा पडेल म्हणून मी टक लावून बघत होते. ती मात्र साहेबांकडे वळून शांतपणे म्हणाली, “बरोबर आहे सर. पत्रकातलं अंतर या अँटेनाचं आहे आणि ‘कसाही टॅग’ हे दुसरीचं. तिच्या लहरी गोल फिरतात, त्यामुळे आडवा-उभा दोन्ही वाचते, पण जवळूनच. तुमच्या दाराला तशा दोन लागतील, दोन्ही बाजूंना एकेक.” गाडीतून तिने दुसरी आणली. आडवं खोकं वाजलं, पण दाराच्या मध्यापर्यंतच.

ती गेल्यावर साहेब मला म्हणाले, “बघा, विकायला आलेली बाई स्वतःहून खरं सांगते! असा माणूस मिळत नाही.”

‘मी विचारलं म्हणून सांगितलं’ हे शब्द ओठांवर आले, तिथेच थांबले.

दोन अँटेना बसल्या आणि नीट चालल्या. बाहेरून कुणी पाहायला आलं की साहेब सांगायचे, पुण्याच्या मॅडमनी सुचवलं. मी बाजूला उभी राहून मान डोलवायचे.

पुढे ती त्या कंपनीत बरीच वर चढल्याचं कळलं. अभिनंदनाचा फोन मीच केला. आवाज नीट निघावा म्हणून आधी पेलाभर पाणी प्यायले.