करडी पाटी

बहिणीचा फोटो मीच बिघडवला. बिघडवला म्हणावं की आणखी काही, हे मात्र मला आजही कळलेलं नाही.

सोनपेठकडचं स्थळ होतं. आधी फोटो, तो पसंत पडला तरच पाहुणे येणार. दोन स्थळांनी रंगावरून नाही म्हटलेलं, म्हणून आई धास्तावली होती. मी म्हटलं, स्टुडिओत कशाला, मी काढतो की! रेल्वेतल्या मामाचा कॅमेरा माझ्याकडं होता, रोलात एकच फोटो उरलेला. वाचनालयातलं एक पुस्तकही मी वाचलेलं. करडी पाटी चेहऱ्याजवळ धरून तिच्यावर उजेड मोजला की रंग जसाच्या तसा येतो, असं त्यात होतं.

आता आमच्याकडं करडी म्हणजे रानातली, जिचं तेल खातो ती. फुलली की सगळं रान पिवळं. राखेच्या रंगाला आम्ही राखाडीच म्हणणार. मी पिवळा कागद आणला अन् खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवला.

"दादा, हे काय हळदीचं ताट?" बहीण म्हणाली.

"गप बस. तुला काय कळतंय यातलं?"

पाटीवर कॅमेरा रोखला, कॅमेऱ्यातला उजेड मोजायचा काटा म्हणाला तसा आकडा लावला, पाटी बाजूला केली अन् बटण दाबलं.

फोटो धुऊन आला आणि माझी बोबडीच वळली. तोंड तव्यागत, नुसते डोळे दिसायलेत! पूर्णा जंक्शनचा स्टुडिओवाला पोट धरून हसला.

"येड्या, करडी म्हंजे राखाडी! पिवळ्यावरून लय उजेड येतो. काट्याला वाटलं ऊन रग्गड हाय, त्यानं उजेड कमी घेतला."

मला काही उमजेना. पाटी उजळ म्हणून माणूस काळं? हा कुठला न्याय? आई रडायला लागली. पण दुसरा फोटो काढायला सवड नव्हती; विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं एसटीचा भरवसा नव्हता, मध्यस्थ घाईत होता. तो तसाच फोटो घेऊन गेला.

आठवड्यानं पाहुणे आले. काय बघून आले, देव जाणे. नवरदेवाच्या वडलांनी फोटो बघितला, बहिणीकडं बघितलं, परत फोटो बघितला.

"आरं, पोरगी फोटोपेक्षा लय उजळ हाय की! लोकं पावडर फासून फोटो धाडायलेत. तुमी इमानदार निघालात."

तिथंच सुपारी फुटली. घरात सगळे माझी पाठ थोपटायला लागले. मी बावळटासारखा हसत होतो. कशाबद्दल शाबासकी मिळायलीय, तेच समजत नव्हतं.

हळदीच्या दिवशी मी परत कॅमेरा घेतला, या वेळी खरी राखाडी पाटी आणली. बहिणीनं ती हनुवटीखाली धरली.

"दादा, तवाच ही पाटी असती अन् फोटो नीट आला असता, तर मी हाय तशी चालले असते का त्यांना?"

काटा डोळ्यापुढं हलायला लागला. मला लय वाईट वाटलं.

"हलू नको," म्हटलं अन् आकडा लावला.